उंदराला डोळे कोणी दिले

ये गो मंजू, अशी जवळ ये. तशी तू बेळगावात, मी मुळगावात, आणि मधे अख्खा चोर्ला घाट. पण लिहायला बसले की मला समोर माणूस लागतं, त्याशिवाय माझं पेन चालत नाही. तेव्हा असं समज, की तू इथे बाल्कांवावर, दारापुढच्या ओट्यावर, माझ्या शेजारी टेकली आहेस आणि तुझा कान माझ्या हातात आहे. फार पिळलेला नाही. पण धरलेला आहे.

काल तुझं पुस्तक पोस्टाने आलं. कासवाचं. काय गोड कासव काढलंयस, मानेवरच्या सुरकुत्या तर थेट आमच्या ह्यांच्या. मी चष्मा पुसला, पुढून बघितलं, मागून बघितलं, आतलं बारीक अक्षरांचं पान बोट लावून वाचलं. लेखकाचं नाव आहे, मोठ्या टायपात. प्रकाशकाचं आहे. ज्या छापखान्यात छापलं त्याचा पत्तासुद्धा आहे. चित्रं काढणारी कुठे आहे? मला वाटलं माझ्या डोळ्यांना दिसत नसेल, म्हणून शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं. तिलाही सापडली नाही.

मग तुला फोन केला, तर तू हसलीस. म्हणालीस, "जागा नव्हती म्हणाले, मावशी. जाऊ दे ना. पुरस्काराला पाठवलंय त्यांनी, मिळाला तर आनंदच आहे सगळ्यांना."

अगो, जागा नव्हती? त्या कासवाच्या पाठीवर अख्खं गाव बसेल एवढी जागा आहे. आणि हे 'सगळे' म्हणजे कोण गो? स्टेजवर जाऊन शाल कोण घेणार, सगळे?

फोनवर मी पुढे बोलले नाही, कारण फोनवर मला ओरडता येत नाही, समोरच्याचं तोंड दिसत नाही. म्हणून लिहिते आहे. तू 'जाऊ दे' म्हणालीस तेव्हा मला पलीकडच्या जनेलातून, खिडकीतून, आमची शालन दिसत होती, आणि तिचं ते जुनं 'जाऊं दी' आठवलं. तेच अक्षर, तोच सूर.

*

आमच्याकडे या दिवसांना वास असतो. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की घरात भाताचा वास येत नाही, फोडणीचा येत नाही. ओल्या चिकण मातीचा येतो. तुला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगते. गोव्यात गणपती जिथे घडवतात त्या जागेला चित्रशाळा म्हणतात. आमची चित्रशाळा म्हणजे घराला लागून काढलेली लांब पडवी. सासऱ्यांनी सुरू केली, मग ह्यांनी चालवली. दारावर पाटी आहे, तिच्यावर सासऱ्यांचं नाव, खाली ह्यांचं.

गणपती दुकानातून उचलून आणावा तसा आमच्याकडून कोणी नेत नाही. आधी घरचा पाट आणून द्यायचा. नागपंचमीच्या आसपास पाट येऊ लागतात. काखेत मारून, स्कूटरच्या पुढ्यात उभा धरून, कधी सायकलच्या कॅरियरला सुतळीने बांधून. त्या पाटावरच मूर्ती उभी राहते, आणि चवथीला त्या पाटासकट घरी जाते. पिढ्यान्पिढ्या तोच पाट. एकाचा कोपरा जळका, एकाला पितळेची पट्टी, एकावर कधीकाळी कुठल्या पोराने खिळ्याने काढलेली होडी. मला माणसांची नावं आठवत नाहीत हल्ली, पण पाट दाखवलात तर घर सांगते.

मी या घरात आले ती मराठी चौथी शिकून. पुढचं शिक्षण झालं ते पुडीच्या कागदांवर. वाण्याकडून डाळ आली की डाळ डब्यात, कागद माझ्या हातात. अर्धी गोष्ट मिळायची, उरलेली अर्धी मी चुलीपुढे बसून मनाने पुरी करायची. लेखिका झाले म्हणतात ती अशी झाले. कोणी शिकवलं नाही, त्यामुळे कोणी थांबवलंही नाही.

शालन माझी धाकटी नणंद. लग्न जुळलं नाही. दोन-चार ठिकाणं येऊन गेली, तिनेही मनावर घेतलं नाही. लोकांना बाईमाणूस रिकामं दिसलं की फार काळजी वाटते. शालन रिकामी कधीच नव्हती. भावाच्या शेजारी बसून ती आधी मातीचे खडे वेचायची, मग रंग कालवू लागली, मग पितांबराच्या निऱ्या, मग सोंडेवरची नक्षी. आणि मग डोळे.

डोळ्यांचं तुला सांगायला हवं, कारण गोष्ट तिथेच आहे.

मूर्ती सगळी रंगली तरी डोळे शेवटी. आमच्या चित्रशाळेत ते काढताना कोणी बोलत नाही. सासऱ्यांपासूनची रीत. ब्रश बुडवला, हात वर गेला, की पडवीतला माणूस असेल तिथे गप्प. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, रडणारं पोर असो; पोरसुद्धा कसं कोण जाणे, गप्प होतं. श्वास रोखलेला. मग ब्रश वर उचलला, की सगळी पडवी एकदम सुटते, कोणी खोकतं, कोणी चहाचं विचारतं, बाहेर कोंबडं ओरडत होतं हे तेव्हा कळतं.

ह्यांचे डोळे गावोगाव प्रसिद्ध. सर्वण गावचे एक बाब, म्हणजे गृहस्थ, यायचे, जुने गिऱ्हाईक, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. दर वर्षी पाट ठेवताना म्हणायचे, "डोळे तुझ्याच हातचे जाय हां. दुसऱ्या कोणाचे म्हाका चलचे नात." हे मान हलवायचे.

आणि ह्यांचा हात तर केव्हाचा थरथरू लागला होता. आधी चहाची बशी वाजू लागली. मग दाढी करताना कापू लागलं. माती मळायला, सोंड वळवायला हात चांगला होता, अजून आहे. पण डोळ्याची रेघ म्हणजे केसाएवढी, तिथे थरथर चालत नाही. एका वर्षी ह्यांनी ब्रश उचलला, मूर्तीपर्यंत नेला, आणि तसाच शालनीच्या हातात दिला. तिने डोळे काढले. त्यानंतर गिऱ्हाईक नसलं की ती काढायची. कोणी आलं की ब्रश खाली, आणि हे उठून हात पुसत पुढे. घरात आम्ही तिघंही जाणत होतो. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. घराघरांत अशी एखादी गोष्ट असते, पाटाखाली ठेवलेल्या पाचरीसारखी. दिसत नाही, पण ती काढली तर सगळं कलंडेल असं वाटतं.

*

आता उंदराचं.

गणपतीचा उंदीर आमच्याकडे सगळ्यात शेवटी होतो. त्याच्यासाठी वेगळी माती काढत नाहीत. हाताला जी लागून राहते ना, तळव्यात, बोटांच्या पेरांत, ती खरवडून त्याचा गोळा करायचा, आणि त्याचा उंदीर. आईबाप मूर्ती बघत उभे असले की पोरं कंटाळतात, इकडेतिकडे हात लावतात. त्यांना आवरायला मी गोष्ट सांगायची, की बघा, सगळ्यांचे पाट आले, पण उंदराचा पाट कोणी आणलाच नाही. मग तो आपला पाट शोधायला निघतो. अळवाच्या पानावर बसून बघतो, ते कलंडतं. बेडकाच्या पाठीवर बसतो, बेडूक उडी मारतो. असा फिरत फिरत परत येतो तेव्हा गणपती जरा सरकतो आणि म्हणतो, इथे कोपऱ्यात जागा आहे, बस. एवढीच गोष्ट. एकदा एक मुलगी फार रडत होती, तर मी सांगत होते आणि शालनीने खोक्याच्या पुठ्ठ्यावर मूर्तीचेच उरलेले रंग घेऊन उंदीर काढला. ती मुलगी पुठ्ठा छातीशी धरून घरी गेली. गणपती बापाच्या डोक्यावर, हिच्या हातात उंदीर.

त्या मुलीची आई लहान मुलांची पुस्तकं छापायची, फोंड्याकडे. चवथ झाल्यावर परत आली. म्हणाली, गोष्ट लिहून द्या, आणि चित्रं त्याच हाताची हवीत.

ते वर्ष मी विसरायची नाही. जेवणाच्या मेजावर कागद, पडवीत दोरीला चिमट्यांनी लावलेली चित्रं. त्या वेळी शिरगावच्या खाणीचे ट्रक परत धावू लागले होते. लाल धूळ. ओल्या रंगावर ती बसली की पुसता येत नाही, म्हणून जनेलांना ओली लुगडी बांधायची. तरी आलीच. पुस्तकातलं संध्याकाळचं आभाळ आठवतं तुला? जरा तांबूस, खरखरीत? प्रकाशिका बाई विचारत होत्या, हा कुठला रंग. शालन म्हणाली, "फुकटचो. शिरगावसून येता."

आणि उंदराला डोळे नाहीत. सगळी चित्रं पुरी, पानापानावर उंदीर, मिशा आहेत, शेपूट आहे, डोळ्यांच्या जागी कोरा कागद. बाईंना घाई होती. त्या म्हणाल्या, एवढे एवढे ठिपके तर आहेत, बसल्या बसल्या देऊन टाका. शालन देईना. डोळे शेवटी, आणि सगळे एका बैठकीला, न्हाऊन, कोणी बोलणारं नसताना. बाई रागावून फोंड्याला गेल्या. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी शालनीने केस ओलेच बांधले, पानं जमिनीवर मांडली आणि एकेका उंदराला बघतं केलं. मी चुलीपाशी पळी हातात धरून उभी. पोदेराचा, पाववाल्याचा, भोंगा वाजला तरी उंडे घ्यायला बाहेर गेले नाही. त्या दिवशी आम्ही पावाशिवाय चहा प्यालो.

*

पुस्तक छापायला जाताना बाईंनी विचारलं, चित्रकार म्हणून नाव काय घालू.

शालन म्हणाली, "चित्रशाळेचें घाल."

मी म्हटलं, अगो, तुझं नाव विचारतायत.

तर हसली, आता तू हसलीस तशी. "गणपतीच्या पाठीर कोणूय आपलें नाव घालता गो, वयनी? जाऊं दी."

आणि मला त्या वेळी तिचं पटलं. आमच्याकडून जे बाहेर जातं ते पाटीच्या नावाने जातं, त्यात वावगं काय? अशी चूक चित्रशाळेतलीच माणसं करणार. ज्यांच्या हातचं सगळं दीड दिवसात, फार तर अनंताला पाण्यात जातं, त्यांना नाव कुठे घालायचं हा प्रश्नच पडत नाही. तुला सांगू, विसर्जनाला पाण्यात सगळ्यात आधी काय विरतं? डोळे. शेवटी काढलेले, ते आधी जातात. शालन म्हणून तळ्यावर कधी येत नाही. घरी राहून पाट धुवायची तयारी करते.

पण कागद पाण्यात जात नाही. हे आम्हां दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

पुढच्या श्रावणात फोन आला. पुस्तकाला पुरस्कार, एक लेखिकेला आणि एक चित्रकाराला. लेखिका म्हणजे मी. आणि चित्रकार म्हणून त्यांनी अभिनंदन केलं ते ह्यांचं. चित्रशाळेच्या पाटीवर ज्यांचं नाव तेच चित्रकार, असं त्यांनी सरळ धरलं. कोणीही धरलं असतं.

फोन ह्यांनीच घेतला होता. आणि नेमके समोर ते सर्वणचे बाब, पाट घेऊन आलेले. हे काय बोलणार? "हो, हो, देव बरें करूं," म्हणाले आणि फोन ठेवला. बाबांनी ह्यांचा हात हातात घेतला, म्हणाले, म्हाका खबर आशिल्लें, मला ठाऊकच होतं. तो थरथरणारा हात. बाबांना वाटलं आनंदाने थरथरतोय.

नंतर काही दिवस घरात गंमतच झाली. ह्यांनी एक नवा शर्ट आणला आणि तो कोणालाच दाखवला नाही. शालन नेहमीपेक्षा जास्त बोलू लागली, भाजीचं, हवेचं. मी चिडून भांडी आपटत होते. रात्री ह्यांना म्हटलं, सांगून टाका ना त्यांना. तर हे कुशीवर वळले. शालनीला म्हटलं, तर म्हणाली, पुस्तकापुरतं कसं सांगणार, वयनी? चित्रं माझी म्हटली की लोक विचारतील, मग मूर्ती कोणाच्या. मूर्तीचे डोळे कोणाचे. धागा ओढला की सगळंच उसवेल. दादाचं नाव आहे त्या डोळ्यांवर.

बघ मंजू, ती लाजत नव्हती. लोकांना वाटतं, नाव न मागणारी बाई म्हणजे लाजाळू. ती भावाला राखत होती. आणि तो भाऊ म्हणजे माझा नवरा. मी कोणाच्या बाजूने बोलायचं? दोन दिवस मी नुसती भात ढवळत विचार केला. ह्यांच्या नावावर माझा संसार उभा राहिला, हे खरं. पण गोष्ट लहान मुलांसाठी लिहिली होती गो. ज्या पोराला वाचता येत नाही, त्याच्यासाठी ते पुस्तक म्हणजे सगळी शालनच आहे, मी त्यात कुठेच नाही. पोर आधी काय बघतं? उंदराचे डोळे. आणि ते डोळे ज्या बाईने ओल्या केसांनी जमिनीवर बसून काढले, ती कार्यक्रमाच्या दिवशी घरी बसून आम्हां नवरा-बायकोच्या जेवणाचं बघणार? मग मी ठरवलं. आणि एकदा ठरवलं की माझं कसं असतं ते तुझ्या आईला विचार.

मी दोघांना चहाच्या वेळी एकत्र बसवलं आणि सांगितलं, की मीही जाणार नाही. गेले तरी माझं नाव पुकारतील तेव्हा खुर्चीतून उठणार नाही. अर्ध्या पुस्तकाचा पुरस्कार मला नको. हे म्हणाले, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, मुलांच्या पुस्तकाचाच कार्यक्रम आहे.

बशी तेवढी वाजत राहिली.

*

पुन्हा फोन आला तो एका दुपारी. त्यांना चित्रकाराचा फोटो हवा होता, आणि चार ओळी माहिती.

ती दुपार मी मिटल्या डोळ्यांनी सांगू शकते. बाहेर झिमझिम. पडवीत दिवे लावलेले, माती वाळावी म्हणून. हे पायाने माती तुडवत होते. शालन एका मूर्तीसमोर बसलेली, हातात ब्रश, कारण गिऱ्हाईक कोणी नव्हतं. आणि तिने ब्रश वर नेला त्याच वेळी एकदम दोन गोष्टी झाल्या. माझ्या कमरेला खोचलेला फोन वाजला, आणि दारात छत्री मिटत सर्वणचे बाब आले, आपली मूर्ती कुठवर आली बघायला.

एरवी शालनीने ब्रश खाली ठेवला असता. पण रेघ सुरू झाली होती. सुरू झालेली रेघ सोडता येत नाही, डोळा फुटतो. ती थांबली नाही.

फोन मी घेतला, कानाला लावला, पण बोलता येईना, रीतच तशी. पलीकडून ती बाई हॅलो, हॅलो करतेय. हे मातीत उभे. बाब दारात, छत्रीचं पाणी त्यांच्या चपलेवर गळतंय, आणि ते बघतायत, की डोळा कोण काढतंय. मूर्ती त्यांचीच होती. पितळी पट्टीचा पाट.

मी ह्यांच्याकडे पाहत होते. हे शालनीच्या हाताकडे. इतक्या वर्षांत ह्यांनी तो हात असा उघड्यावर, सगळ्यांदेखत बघितलाच नव्हता. नेहमी आडोशाने.

ब्रश वर उचलला गेला. पडवी सुटली.

मी फोनमध्ये म्हटलं, "चित्रकाराचं नाव लिहून घ्या. शालन. चित्रं तिची आहेत, सगळी. आमच्याकडून सांगायचं राहिलं."

बाब ह्यांच्याकडे वळले. हे मातीतून बाहेर आले, पाय झटकले, आणि मी जेवढं मागितलं होतं त्याहून जास्त देऊन टाकलं.

"मूर्तींचे डोळेय तिचेच, बाब. कितलींशींच वर्सां जालीं. म्हजो हात आतां स्थीर ना."

मी पुस्तकापुरतं भांडत होते गो. पुढची पाचर ह्यांनी स्वतःच्या हाताने काढली. आणि काही कलंडलं नाही. म्हणजे त्या क्षणी तरी नाही.

शालन मात्र उठली, ब्रश पाण्यात टाकला आणि माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणाली, "दादाचें नाव राखूंक हांव इतकीं वर्सां ओगी रावलें. तुवें तें एका फोनार घालयलें." एवढी वर्षं गप्प राहून जपलेलं मी एका फोनवर घालवलं, असं तिचं म्हणणं. मागच्या दारी जाऊन माझ्याकडे पाठ करून बसली. तिने माझ्याशी बोलणं टाकलं. जेवण वाढायची, मीठ हवं का हे भिंतीला विचारायची. मीही भिंतीलाच सांगायची, हवं. पण माघार नाही घेतली. कार्यक्रमाच्या दिवशी तिची अबोली रंगाची साडी इस्त्री करून खाटेवर ठेवली, आणि तिच्या शेजारी मी माझी. ह्यांनी तो नवा शर्ट घातला. स्टेजवर जायला नाही, बघायला.

*

कार्यक्रम पणजीत होता, चवथीच्या तोंडावर. पुरस्कार देणाऱ्यांना कोण सांगणार, की चित्रशाळेच्या माणसांना या दिवसांत मरायला वेळ नसतो. शालन सबंध वाटेत बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. नखांत पिवळा रंग.

तिचं नाव पुकारलं. ती उठेना. मग ह्यांनी तिच्या कोपराला हात लावला, थरथरता, आणि ती उठली. शाल घातली, श्रीफळ दिलं, ते चौकोनी स्मृतिचिन्ह दिलं. पाठीमागे पडद्यावर उंदीर दाखवत होते, भिंतीएवढा. शालनीने मागे वळून बघितलं तर डोळ्यात डोळा. जरा दचकलीच. मग दोन शब्द बोला म्हणाले. तिने माईककडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून बरेच डोळे रावल्यात. म्हाका बस मेळपाक जाय. वचूं?"

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. तिला वाटलं आपलं चुकलं. पण ती खरंच विचारत होती, जाऊ का. तसं नीट, कामाचं भाषण मी त्यानंतर ऐकलं नाही.

परत येताना बसमध्ये तिने दोन्ही नारळ मांडीवर घेतले, एक तिचा, एक माझा. डिचोली आली. मग एक नारळ कानाशी हलवून म्हणाली, "पाणी बरें आसा. नेवऱ्यांक जातले, वयनी." समेट झाला तो असा. त्या चवथीच्या नेवऱ्यांत, करंज्यांत, पुरस्काराचं खोबरं होतं. शाल पडवीच्या जनेलाला बांधतो, धुळीला चांगली. ते चौकोनी चिन्ह मात्र तिने कोणाला हात लावू दिलं नाही. त्याच्यावर तिचं नाव कोरलंय. अधूनमधून ती पदराने पुसते, आणि मी बघतेय असं दिसलं की पाट पुसू लागते.

सर्वणचे बाब त्या चवथीला मूर्ती घेऊन गेले. विडा-नारळ ठेवला, ह्यांच्यापुढे. पुढच्या वर्षी त्यांचा पाट आला नाही. दुसऱ्या चित्रशाळेत दिला, कोणी सांगितलं. अजूनही आलेला नाही. खोटं कशाला सांगू, त्या वर्षी पाट येत होते तोवर मी रोज दाराकडे बघत होते. तो पितळी पट्टीचा पाट आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. मी ह्यांना म्हटलं, माझ्यामुळे गेला. हे सोंड वळवत होते. म्हणाले, "जाऊं दी. पाट तांचो. डोळे शालनीचे."

बघ, हेही 'जाऊ दे'च. पण काय सोडायचं आणि काय नाही, हे त्यांना नीट कळलं होतं. तुला कळलेलं नाही, म्हणून कान धरलाय.

*

आता दारावर नवी पाटी आहे. सासऱ्यांचं नाव, ह्यांचं, आणि खाली शालनीचं. रंगवली तिनेच, स्वतःच्या नावाची अक्षरं जरा बारीक काढली होती, ती मी परत मोठी करायला लावली. लोक आता तिच्यासमोर पाट ठेवतात. पडवीत कोणी आलं तरी ब्रश खाली जात नाही. हे माती मळतात, शालन डोळे काढते, आणि मी पोरांना गोष्ट सांगते. उंदीर आला की पोरं शालनीकडे बोट दाखवून विचारतात, हिणें काडलो? हो म्हणते मी. हिणेंच.

तू म्हणशील, मावशी, पुरस्कार म्हणजे काय गो, एक शाल आणि एक नारळ. खरं आहे. नारळाच्या नेवऱ्या होतात, शालीचा पडदा होतो. पण तो देताना कोणाला तरी तुझं नाव मोठ्याने घ्यावं लागतं, आणि शेकडो पोरांच्या घरी ते पुस्तक जातं, त्याच्यावर ते नाव जातं. एखादी पोर मोठी होऊन विचारील, हे कासव कोणी काढलं होतं. तिला उत्तर नको? की तिने प्रेसचा पत्ता पाठ करायचा?

पुस्तक अजून परीक्षकांकडे आहे, तूच म्हणालीस. म्हणजे वेळ गेलेली नाही. नावाची पट्टी छापून आत चिकटवता येते, मी त्या फोंड्याच्या बाईंना विचारलं. आमच्या उरलेल्या प्रतींना त्यांनी तशीच चिकटवली होती. तुझ्या प्रकाशकाला फोन कर. रागावून नको, पण हसूनही नको. जागा नाही म्हणाले तर सांग, कासवाच्या पाठीवर चालेल. तरीही नाही म्हणाले, तर लेखकाला फोन कर आणि सांग, की मुळगावात एक म्हातारी आहे, ती असल्या वेळी खुर्चीतून उठत नाही.

आणि ये. चवथीची वाट बघू नको, आधी ये. हे मी एकटी म्हणत नाही. काल तुझं कासव शालनीने बराच वेळ हातात धरलं होतं. मग ती पडवीत गेली आणि आमच्या घरच्या गणपतीचे रंगांचे डबे झाकून ठेवले. मूर्ती पुरी झाली आहे, पितांबर, सोंड, सगळं. डोळे नाहीत. मी विचारलं, कधी काढतेस. तर म्हणाली, हे तुझ्या भाचीने काढायचे. कासवाला तिने जे डोळे दिलेत ते बघून मी हात आवरला, असंही म्हणाली.

तेव्हा बाय, तो घाट उतर. पडवीत आमचा गणपती मान जरा कलती करून बसला आहे, आणि शालनीने त्याच्यासमोर एक कोरडा, बारीक ब्रश ठेवला आहे. तू येईपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही.